काळबांडे सिस्टर आणि साथीची कादंबरी

काळबांडे सिस्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, नखांकडे बघतात. आपण नमस्काराला हात जोडावेत, तर त्यातला एक हात त्या सोडवून घेतात, अंगठ्याचं नख दाबतात, सोडतात, पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघतात आणि मग म्हणतात, "हं. बोला." दारव्ह्यात आमच्या गल्लीत मी नवा राहायला आलो तेव्हा आमची ओळख अशीच झाली. माझं नाव कळण्याआधी त्यांना माझ्या अंगातलं रक्त कळलं होतं. लग्नानंतर माझी बायको वैशाली त्यांच्या पाया पडली, तर तिला आशीर्वाद मिळाला, "पालक खात जा."

सिस्टर म्हणजे आरोग्य खात्यातल्या नर्स. खांद्याला लसींचा डबा लावून पस्तीस वर्षं खेडोपाडी पायी फिरल्या. निवृत्त झाल्यावर आमच्यापासून तिसऱ्या घरात, दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. खात्याने त्यांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं, पण त्यांनी खात्याला मोकळं केलं नाही. एक जाडजूड रजिस्टर आणून त्यात त्यांनी आख्खी गल्ली लिहून काढली. कोणाला साखर, कोणाला बीपी, कोणाला कधी कुत्रं चावलं, कोणाच्या सुनेला कितवा महिना. 'नोंद नाही म्हंजे झालंच नाही' हे त्यांचं आवडतं वाक्य. शेजारचे वानखडे काका एकदा चारचौघांत सांगत होते की ते रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात. सिस्टरने शांतपणे विचारलं, "नोंद कुठी आहे?" काकांनी त्यानंतर तो विषय काढला नाही.

त्यांचं दुसरं वाक्य, 'भेवाचं काही काम नाही.' हे त्या दिलासा म्हणून म्हणत. पण ते इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणत, की तोवर न घाबरलेला माणूसही खाली बसायचा. माझ्या मुलीच्या कानात चिंचोका अडकला तेव्हा त्या आल्या, कानात डोकावल्या, म्हणाल्या, "भेवाचं काही काम नाही," आणि वैशाली रडायलाच लागली.

आता त्या कादंबरीचं सांगतो. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. पहिल्या टाळेबंदीत कॉलेज बंद पडलं आणि मी एक जुनी इच्छा उकरून काढली. एक नावाजलेली परदेशी कादंबरी आहे. एका शहरात साथ येते, वेशी बंद होतात, माणसं आत अडकतात आणि एक डॉक्टर शेवटपर्यंत घरोघर फिरून रोगी बघत राहतो. मध्ये मध्ये देव, मरण आणि माणसाचं कर्तव्य यांवर लांबलांब बोलणी चालतात. विशीत वाचली होती, कळली नव्हती. म्हटलं, आता साथ दारात उभी आहे, हिचं मराठी करू. प्रकाशकाचा काही संबंध नव्हता. आपलं आपल्यासाठी.

लिहून झालं की वाक्य कानाला कसं लागतं ते बघायला मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत मोठ्याने वाचायचो. तिसऱ्या दिवशी फाटक वाजलं. दोन मास्क, एक छत्री आणि सिस्टर.

"सर, ही बडबड कवापासून सुरू आहे?"

मी म्हटलं, तीन दिवस झाले.

"ताप?"

ताप नाही, भाषांतर आहे, हे समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. त्यांना वाटलं होतं, मास्तर एकटाच उंदरांबद्दल आणि मुडद्यांबद्दल बोलतो आहे, म्हणजे ताप डोक्यात गेला. खुलासा झाल्यावर त्यांनी लांबूनच खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "साथीचं पुस्तक आहे ना? वाचा मंग. आयकतो आमी."

तेव्हापासून रोज सकाळी त्या व्हरांड्याच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला, असं वाचन सुरू झालं. सिस्टरने आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती. त्यांनी वाचले होते ते साथीचे अहवाल. त्यामुळे ही कादंबरी म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणा डॉक्टरने पाठवलेला अहवाल आहे, असं धरून त्या ऐकू लागल्या. अहवाल त्यांना पसंत नव्हता. उंदीर मेले तेव्हाच गाव खाली का केलं नाही, हा पहिला आक्षेप. त्यांच्या आजीच्या वेळी घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून वावरात झोपड्या टाकून राहत, अंगठाछाप माणसालाही हे कळत होतं, मग एवढ्या शिकलेल्या शहराला का कळू नये? दुसरा आक्षेप, लोक हॉटेलात गर्दी करून बसतात. तिसरा सर्वांत मोठा. शंभर पानं झाली तरी डॉक्टरने एकदाही हात धुतले नव्हते.

त्या कादंबरीत एक धर्मगुरू आहे. तो साथ म्हणजे देवाची शिक्षा असं भाषण करतो. मला वाटलं सिस्टर भडकतील. पण त्या ओळखीचा माणूस भेटल्यासारख्या हसल्या. असा एक महाराज त्यांना गॅस्ट्रोच्या एका साथीत भेटला होता. देवी कोपली आहे, सरकारी औषध घेऊ नका, असं तो गावाला सांगत होता. विहिरीत पावडर टाकायला गेलेल्या माणसाला लोकांनी परत पाठवलं. सिस्टर महाराजाकडे गेल्या, पदर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, ही पावडर तुमच्या हातानं पडली तरच देवी शांत होईल. महाराजाने मंत्र म्हणत स्वतःच्या हाताने विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली. रोज टाकली. सिस्टर लांब उभ्या राहून माप बघत होत्या. "भला माणूस होता," त्या म्हणाल्या. "मापात कधी चुकला नाही."

पुढे एका प्रकरणात डॉक्टरला त्याचा मित्र विचारतो की तू देव मानत नाहीस, साथ हटेल याचाही भरवसा नाही, मग एवढा जीव का टाकतोस? मी वाचन थांबवलं. हे पुस्तकाचं मर्म, ते सिस्टरपर्यंत पोचलंच पाहिजे असं मला वाटलं. मी तासभर बोललो. जगाला अर्थ नाही, तरी माणसाने हार मानू नये, हरणार हे ठाऊक असून उभं राहण्यातच माणसाचं माणूसपण, वगैरे. कॉलेजात मी इतकं चांगलं कधी शिकवलं नव्हतं. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ड्यूटी."

मी म्हटलं, तसं नाही. मग थोडा विचार केला आणि म्हटलं, हो, तसंच.

पण आमचं खरं भांडण झालं ते नर्सवरून. डॉक्टर गाठी फोडतो, लस टोचतो, रात्रंदिवस फिरतो आणि सगळ्या पुस्तकभर त्याच्या शेजारी नावानिशी एक नर्स उभी नाही. हे सिस्टरच्या लक्षात आल्यावर त्यांनी मला वाचू देणंच बंद केलं.

"डॉक्टरनं चिरा देल्ला. मंग ट्रे कोणं धरला? सुई कोणं उकळली? ट्रे काय आपोआप आला?"

मी सांगितलं की लेखकाने लिहिलं नाही, मी काय करू. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहा, तुम्हीच मराठी करून राह्यले ना. मी म्हटलं, भाषांतरात पदरचं घालता येत नाही, तो गुन्हा असतो. त्या उठून गेल्या आणि दोन दिवस आल्या नाहीत. दोन दिवस मी रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी गुन्हा केला. गाठ फोडायच्या प्रसंगात एक वाक्य घातलं, 'सिस्टरने ट्रे पुढे केला.' त्यांना बोलावून तो भाग वाचला. त्यांनी मान हलवली. नंतर जाता जाता म्हणाल्या, "आता बरोबर झालं."

टाळेबंदी उठली, कॉलेज सुरू झालं आणि वही अर्ध्यावर राहिली.

दुसऱ्या लाटेत वैशालीच्या आईची तब्येत बिघडली, म्हणून ती मुलीला घेऊन बाभुळगावला गेली आणि तिकडेच अडकली. तिच्यामागे आठ दिवसांत मला ताप आला. तपासणी झाली, निकाल आला तो सगळ्यांचा येत होता तसाच. घरीच वेगळं राहा, असं सांगण्यात आलं. मी वैशालीला फोनवर म्हटलं, किरकोळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फाटकाबाहेर छत्री उभी होती.

बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र त्या दिवसांत दुकानात मिळत नव्हतं. सिस्टरकडे एक होतं, ते गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे दिलेलं. त्यांना त्याची जास्त गरज होती. सिस्टरने मला व्हरांड्यात बसायला लावलं आणि ती कादंबरीची वही आणायला सांगितली. मला वाटलं, आजारी माणसाचं मन रमावं म्हणून. गहिवरून मी वही आणली.

"लांब वाक्य काढा. एका दमात वाचा."

तेव्हा कळलं की ही मनोरंजनाची सोय नाही. त्या लेखकाची वाक्यं लांब आहेत, भाषांतर करताना मी त्याला त्यावरून मनात शिव्या घातल्या होत्या. सिस्टरला ती अगदी पाहिजे तशी सापडली. त्यांनी एक पान ठरवून दिलं. रोज तेच पान वाचायचं. वैशाखाच्या उन्हात त्या फाटकाबाहेर छत्री धरून उभ्या राहत आणि मी कुठे थांबतो ते रजिस्टरमध्ये टिपत. ते रजिस्टर मी नंतर पाहिलं. त्यात लिहिलं होतं, 'सोमवार. एक वाक्य एका दमात. मंगळवार. स्वल्पविरामावर थांबले. बुधवार. दोन वेळा थांबले, पाणी मागितले नाही.'

गुरुवारी मला त्या वाक्याच्या मध्यापर्यंतही जाता येईना. छातीत काही दुखत नव्हतं, फक्त वारा पुरत नव्हता. मला दवाखान्याची भीती वाटत होती. गल्लीतून गेलेली दोन माणसं परत आली नव्हती. म्हणून शुक्रवारी मी एक चलाखी केली. वही उघडताना हळूच चार पानं पुढे गेलो. तिथे दोन पात्रांचं बोलणं होतं, 'हो', 'नाही', 'कोण आलं होतं', अशी तुटक वाक्यं. ती मी झकास वाचली.

सिस्टरने लिहिणं थांबवलं. "सर, पान बदललं तुमी."

मी म्हटलं, नाही.

"त्या पानावर पोरगं मरते. मले ते पाठ झालं आहे." मग त्या जरा थांबल्या. "वाचा, मी आयकून राह्यली."

मी पान परत मागे घेतलं. चार शब्द वाचले आणि थांबलो. पुढचे तीन वाचले आणि थांबलो. सिस्टरने रजिस्टर मिटलं. त्या मला दिलासा देतील म्हणून मी वाट बघत होतो. पण 'भेवाचं काही काम नाही' हे त्या त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा खरा घाबरलो.

पुढचं सगळं त्यांनी फाटकाबाहेर उभं राहून केलं. दवाखान्यात जागा मिळणं कठीण होतं. त्यांनी जुन्या सोबतिणींना एकामागून एक फोन लावले. पस्तीस वर्षांत कोणाकोणाबरोबर लसीकरण केलं होतं, त्या सगळ्या बायकांना त्यांनी त्या सकाळी हलवून सोडलं. यवतमाळला एक खाट मिळाली. गाडी येईपर्यंत पिशवीत काय काय भरायचं ते त्या मला मोठ्याने सांगत होत्या. चिकटपट्टीवर माझं नाव, वय, रक्तगट आणि वैशालीचा नंबर लिहून ती त्यांनी फाटकावरून आत टाकली आणि शर्टाला लावायला लावली. वैशालीला फोनही त्यांनीच केला. काय सांगितलं ते वैशालीने मला नंतर सांगितलं. "सर बिमार आहे. मी लवकर पकडलं आहे. तू आईले पाय, इकडचं मी पायतो."

अकरा दिवस मी नळी लावून होतो. डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेल्या माणसांत कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं, पण रोज सकाळी त्यातली एक माझ्या खाटेशी येऊन वाकायची आणि म्हणायची, "काळबांडे सिस्टरचा फोन होता. किती ओळी?" वही जवळ नव्हती. मला ते पान आता पाठ होतं. मी म्हणून दाखवायचो, ती बोटं मोजायची आणि निघून जायची. पहिले चार दिवस अर्धी ओळ. मग एक. मग दीड. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या दिसायचं, डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, चांगला माणूस होता, थकलेला होता. बाकी सारा दिवस या बायका चालत असत. सुई, बाटली, चादर, पाणी. एक वाक्य पदरचं घातलं म्हणून मी स्वतःला गुन्हेगार समजत होतो. तिथे वाटलं, फार कमी घातलं.

मी घरी आलो. वैशालीची आईही बरी झाली. अंगात चालण्याइतकं बळ आल्यावर आम्ही दोघं साडी घेऊन सिस्टरकडे गेलो. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. त्यांनी माझं नख दाबून बघितलं, रजिस्टर उघडलं, लाल शाईने एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "तुमचं नाव कमी केलं." वैशाली दचकली. सिस्टरच्या भाषेत त्याचा अर्थ, माणूस बरा झाला. साडीकडे बघून त्यांनी फक्त "कायले?" एवढंच विचारलं. मी ठरवलेलं सगळं विसरलो.

दिवाळीच्या सुट्टीत मी वही पुन्हा काढली आणि भाषांतर पुरं केलं. शेवटची प्रकरणं ऐकायला सिस्टरला निरोप दिला. त्या आल्या. साथ ओसरते, वेशी उघडतात, आगगाडीने माणसं परत येतात, फलाटावर एकमेकांना मिठ्या मारतात. डॉक्टरला मात्र भेटायला कोणी येत नाही. त्याची बायको दूर गावी उपचाराला गेलेली असते, ती तिकडेच वारते आणि त्याला ते तारेने कळतं. मी वाचून संपवलं. सिस्टर काही आक्षेप घेतील म्हणून वाट पाहिली. त्यांनी नेहमीच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"आमचे हे राजूरले होते, कोळशाच्या खाणीत. मी इकडे, ते तिकडे. महिन्यातून दोनदा भेट व्हाची. मी गॅस्ट्रोच्या साथीत गेलती एका पोडावर, कोलामाईच्या वस्तीत, तिथल्या शाळेत सलाईन लावून होती. नऊ जण. डॉक्टर दुसऱ्या गावाले गेलते. ग्रामसेवक गाडीवर आला, म्हणे सिस्टर, तुमच्या मालकाच्या छातीत दुखून राह्यलं, चला. नऊ सलाईन चालू होत्या. काढून कशी जाऊ?"

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सिस्टर मग निघाल्या. एसटी, मग जीप. राजूरला पोचायला दुपार झाली.

"तवर घरच्याईनं मयत उरकली होती. मे महिना होता, कवापर्यंत वाट पाहातीन. त्याईचं बरोबरच होतं." वैशाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "नऊच्या नऊ घरी गेले पण."

मग सिस्टरने मला विचारलं, त्या डॉक्टरच्या घरी नंतर कोणी जाऊन बसलं काय? मी म्हटलं, पुस्तकात तसं काही नाही.

"नसनच," त्या म्हणाल्या. "लोक बोलावते मले. बिमार पडले का बोलावते. त्याईचं काही चुकत नाही. सिस्टरले बिनकामाचं कोण बोलावीन?"

वैशाली पुढे आली आणि म्हणाली, उद्या चार वाजता आमच्याकडे या.

"काहून? कोणाले काय झालं?"

"कोणाले काहीच नाही झालं. म्हणून या."

दुसऱ्या दिवशी चार वाजता सिस्टर आल्या. इस्त्रीची साडी होती, आणि खांद्याला औषधांची पिशवी. बैठकीत येऊन त्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे, मुलीकडे, वैशालीकडे आळीपाळीने बघितलं. तिघंही धडधाकट.

"मंग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," वैशाली म्हणाली. "बसा."

त्या खुर्चीच्या कडेला बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मुलगी तिच्या शाळेतलं काहीबाही सांगायला लागली. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि पाठ टेकली.